एकाच मशीनवरचा ओलावा

बायकोच्या डोक्यातला ओलावा मोजायला आम्ही नागपूरला जातो, असं मी सांगितलं की लोक हसतात. पण गोष्ट जवळपास तशीच आहे.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, पापुद्र्यावर पापुद्रा. या आजारात ते जागोजागी निघून जातं, तिथं डाग पडतात. तिचा उजवा पाय त्यामुळेच जड झाला. ती अंगणवाडी सेविका. पोरांच्या मागं धावायचं काम खुर्चीत बसून होत नाही. औषधानं नवे डाग रोखता येतात, गेलेलं आवरण मात्र शरीरानं स्वतःच भरून काढायचं. ते भरतंय का, एवढंच आम्हाला कळायला हवं होतं. साध्या एमआरआयत डाग दिसतो, त्याचं भरणं नीट दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी एक जादा तपासणी लावली. पापुद्र्यांमध्ये अडकलेलं पाणी ती मोजते. आवरण गेलं की त्या पाण्याचा वाटा घटतो, परत आलं की वाढतो.

पहिली नागपूरला झाली. वर्षभरानं दुसऱ्या तपासणीची वेळ आली, तेव्हा तिथलं मशीन बंद होतं. मी ती दुसऱ्या सेंटरवर करून घेतली. आकडा चांगलाच वाढलेला. आम्ही घरी आलो आणि मेहुणा जिलेबी घेऊन हजर.

"खाय ना ताई, रिपोर्ट गोड आला!"

"थांब." ती माझ्याकडे वळली. "अवो, मशीन तेच होतं का?"

"नाही. पण तपासणी तीच हाय."

"मंग सोयाबीनच्या टायमाले अडत्यासंग कायले भांडले होते? त्याच्या मीटरवर ओलावा चौदा, शेजारच्याच्या मीटरवर बारा. तुमीच म्हनत होते, मीटर बदललं का हिशेब गेला."

"सोयाबीन अन् डोकं एकच हाय का?" मेहुणा म्हणाला.

"तुयं त सोयाबीनच हाय. खाय तूच."

डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं: दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवू नका. नागपूरचं मशीन सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी डॉक्टरांनी पडद्यावर तीन डाग दाखवले. एकात पाण्याचा वाटा वाढला होता, मोजण्यातल्या चुकीपेक्षा जास्त. बाकी दोन होते तसेच.

"इथं आवरण परत येतंय, असं म्हणता येईल," ते म्हणाले. "पायाचं वचन मी देत नाही."

आम्ही एसटीनं गावी परतलो. कारंज्याच्या स्टँडवर दांडा धरून तिनं आधी डावा पाय खाली टेकवला, मग उजवा, आणि सावकाश उतरली.

"जिलेबी घ्या," ती म्हणाली.

"किलोभर?"

"तीनातला एकच भरून राह्यला ना? पावच घ्या."

किलोच्या तीनातला एक म्हणजे पावापेक्षा थोडं जास्तच. दुकानदारानं काट्यावर एक जिलेबी वरून टाकली, काटा पावाच्या पुढं गेला, पण ती मी काढू दिली नाही.