फुकटचा घोडा

मला बी.एस्सी. केलं ते शालनवहिनींनी, आणि त्यांच्या लेकीला नागवलं ते मी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तीन वर्षं रोज त्यांनी माझा डबा संगमनेरच्या एस.टी.त चढवला. (कंडक्टर वाटेत भाजी चाखतो हे कळल्यावर त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधली!) त्या डब्यावर मी भावकीतला पहिला पदवीधर झालो. तेव्हापासून भावकीतला कुठलाही फॉर्म मीच भरतो, आणि सगळ्यांची महत्त्वाची कागदं माझ्याच कपाटात असतात.

रूपाली, वहिनींची लेक, कॉम्प्युटरवर कपडे करते. खेळात पडद्यावर आपल्या वतीनं जी बाहुली फिरते ना, जिला अवतार म्हणतात, तिचे कपडे. वर्षभर खपून तिनं काठापदराची लुगडी, फेटे, नथ, ठुशी असा अख्खा बस्ता तयार केला होता. तो तिच्या क्रिप्टो वॉलेटात होता. त्यात पैशांप्रमाणेच अशा वस्तूही ठेवता येतात. सोमवारी पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत होती. तिथं तो दाखवला की नोकरी जवळजवळ पक्की!

जाताना तिनं मला एक कागद दिला.

"काका, या बारा इंग्रजी शब्दांनी वॉलेट उघडतं. माझा मोबाईल हरवला तर लागतील. पण कुणालाही सांगायचे नाहीत!"

"हे मला सांगतेस?" मी दुखावून म्हणालो.

मायलेकी शनिवारी पुण्याला गेल्या. रविवारी सकाळी श्रीगोंद्याहून दाजींचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा, मेसेज आला. अवतारासाठी सोन्याचा मुकुट आणि पांढरा घोडा, अगदी फुकट! फक्त वॉलेट जोडा. आजच शेवटचा दिवस!

मुलाखतीला पोरगी घोड्यावरून जाईल! मी कपाट उघडलं.

"आरं, पोरीला इचार की एकदा," दादा म्हणाला.

"दादा, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी विचारत बसायचं नसतं."

माझ्या मोबाईलवर ते पान उघडेना. आमच्या वाडीत मेसेज कसाबसा येतो, पण धड रेंज मिळते ती फक्त दूध डेअरीच्या ओट्यावर, तीही बोलण्यापुरती. मी ओट्यावर चढून दाजींना फोन लावला.

"पान बारा शब्द मागतंय. तुमी सांगा, मी हितनं भरतो," दाजी म्हणाले.

आता 'कुणालाही सांगू नका' हे परक्यांसाठी असतं. ज्याचा कान मी भर मांडवात पिळला, तो माणूस परका कसा? मी शब्द सांगू लागलो. दाजींना ऐकू जाईना. मी ओरडू लागलो. तरी जाईना. शेवटी दुधाच्या रांगेतल्या लोकांना माझी दया आली, आणि किटल्या खाली ठेवून सगळी रांग पाढे म्हणावेत तशी माझ्यामागं एकेक शब्द म्हणू लागली.

"झालं!" दाजी ओरडले. "घोडा येतूय म्हनतंय!"

मी रांगेला चहा सांगितला. चहा यायच्या आत रूपालीचा फोन आला.

"काका, माझे कपडे कुठं गेले?"

"कपडे राहू देत गं, घोडा बघ!"

"कसला घोडा? वॉलेट रिकामं झालंय! बाहुली नुसत्या बनियनवर उभी आहे! कुणाला सांगितले शब्द?"

मी रांगेकडं बघितलं. कुणाला सांगितले नाहीत, हे सांगणं सोपं होतं.

मग माझं डोकं फिरलं. दाजींना फोन लावला. "तुम्ही आमचं वाटोळं केलंत!"

"म्या? बोंबलून शब्द कुनी सांगितले?"

"मेसेज कुणी पाठवला?"

"म्या अडानी मानूस, मला काय कळतंय! तुमी तर शिकलेले!"

हे खरं होतं, म्हणून संताप आणखी वाढला. कुठल्या देशातला हा भामटा? पोरीची वर्षाची मेहनत दहा मिनिटांत उचलतो? मी ओट्यावरूनच त्याला शिव्या घातल्या. (त्या इथं गाळल्या आहेत. रांगेनं त्याही माझ्यामागं म्हटल्या.)

"आरं, घोड्याचा चाबूकबी कुनी फुकट देत न्हाई," ओरडा ऐकून आलेला दादा म्हणाला, "तुला घोडा द्याया कोन बसलंय?"

मग वहिनींना फोन केला. "भावजी, जेवलात का?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला. त्यापेक्षा चार मुस्काटात मारल्या असत्या तर परवडलं असतं! मी अन्नाला शिवलो नाही. दुपारी शेजारचा टेम्पो पुण्याला निघाला, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवलं :

तीर्थस्वरूप सौ. शालनवहिनींस,

साष्टांग नमस्कार.

रूपालीची मूळ चित्रं तिच्या कॉम्प्युटरमध्ये शाबूत आहेत, असं दादाकडून कळलं. पण आता तो चोर तिचेच कपडे स्वतःचे म्हणून मिरवेल. म्हणून उद्याच्या मुलाखतीसाठी सोबत दाखला जोडला आहे. वर्षभर तिनं प्रत्येक काठ, प्रत्येक पदर आधी मला दाखवला होता. ते सगळे मेसेज तारखांसकट माझ्या मोबाईलमध्ये आहेत. मोबाईलही पाठवत आहे. तो माझ्या हातात न राहिलेलाच बरा.

दाखल्यात दोनच वाक्यं आहेत : 'हे कपडे रूपालीनं केले. ते मी घालवले.' साक्षीदार दोन पुरतात. पहिल्या वाक्याला दादा आणि सरपंच मिळाले. दुसऱ्यावर सही करायला मात्र अख्खी वाडी लोटली, म्हणून पुरवण्या जोडल्या आहेत.

तुमचा अपराधी,
भास्कर