दोन लिटर हवा आणि कमलाक्षीचं नाव

मुळगावच्या कमलाक्षीला आईबापांनी नाव दिलं ते तोंडभरून घ्यावं असं, आणि नवरा दिला तो मुखदुर्बळ! दत्ताराम दोडामार्गाकडचा. खाणीवर ट्रक चालवायला आला आणि इथलाच होऊन गेला. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही हे सगळीकडेच होतं. याच्या घराण्यात बायकोचं नावही नवरा घेत नसे. त्रेचाळीस वर्षं नुसतं ‘अगो’. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तर स्वारी मांडवातून पसार! सगळे हसले, तीही हसली. पण त्या एका हाकेसाठी तिचा जीव आसुसलेला राहिला तो राहिलाच.

खाणीची तांबडी धूळ आणि जोडीला विड्या. दत्तारामची फुप्फुसं कामातून गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “दोन लिटरवर ठेवायचं. कमी पडला तर मेंदू उपाशी राहतो, माणूस भ्रमल्यासारखं करतो. जास्त झाला तर यांच्यासारख्यांच्या अंगात वाईट वायू साठतो आणि मेंदूला गुंगी येते.”

एका दुपारी वीज गेली. मशीन बंद. कमलाक्षी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर उघडायला चावी शोधू लागली, तोच मागून हसणं ऐकू आलं. दत्ताराम चक्क हसत होता! ओठ निळसर, डोळ्यांत वेगळीच चमक.

“कमलाक्षी,” तो म्हणाला, “तू इलंस म्हणान ह्यां घर झालां.”

बाई जागच्या जागी थिजली. चावी हातात आली होती. त्याच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर अठ्ठ्याहत्तर आकडा दिसत होता. तरी ती उभीच राहिली, अजून एकदा म्हणेल म्हणून. आणि तो म्हणालाही. मग मात्र तिने सिलिंडर उघडला. आकडा नव्वदीला आला, तसा दत्ताराम पुन्हा घुम्यासारखा भिंतीकडे बघू लागला.

“काय म्हणालात मघाशी?”

“खंय काय?”

त्या दिवसापासून तिला काही सुचेना. भाकरी थापताना, भांडी घासताना तोच आवाज कानात. कधी कधी हात मशीनच्या बटणापर्यंत जाई. थोडंसंच कमी केलं तर? घटकाभरच! एकदा तर तिने बटण धरलंसुद्धा, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. आपण माणूस की राक्षसीण? त्या भरात तिने बटण उलट्या बाजूला फिरवलं, पार पाचवर. घे बाबा, पोटभर घे! तुपाची धार जास्त पडली म्हणून कुणाचं वाईट झालंय?

पण अति तिथे माती. संध्याकाळी दत्ताराम हलवून हलवून जागा होईना. हात मधूनच झटके देत होते. शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला इस्पितळात नेलं. तीन दिवस कमलाक्षी पलंगाशी बसून होती. आता नाव नको, काही नको, नुसतं ‘अगो’ म्हण रे, असं मनात घोकत होती.

चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. नवीन तरुण डॉक्टर मेंदू ठीक आहे का ते तपासायला आला.

“तुमचं नाव काय, आजोबा?”

“दत्ताराम.”

“गाव?”

“मुळगाव.”

“या कोण?”

“बायल माझी.”

“नाव काय यांचं?”

दत्ताराम पांघरूण सारखं करू लागला. डॉक्टरने पुन्हा विचारलं. कमलाक्षी पुढे वाकली. घ्या हो, आता शुद्धीत घ्या, एकदाच! दत्तारामने तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि त्याने मान खाली घातली.

“बायकोचं नाव आठवत नाही,” डॉक्टर नर्सला म्हणाला. “मेंदूवर परिणाम दिसतोय. लिहून घ्या.”

“लिवू नकात, डॉक्टर,” कमलाक्षीने डोळ्यांना पदर लावला. “डोक्यां ठिकाणार आसा, म्हणानच नाव घेणत नाय.”