चिनी सैनिकांना पाणी

गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये चिनी सम्राटाच्या मातीच्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. सुट्टीपुरती मी तिथे गाईड होते. इंग्रजीतली माहिती मला पाठ होती. मराठीत सांगायची वेळ आली की आवाज आपोआप खाली जायचा.

रविवारी दुपारी गर्दीत आप्पा दिसले. माझे वडील रामकुंडावर पौरोहित्य करतात, लोकांची श्राद्धं, अस्थिविसर्जन. ते तिथूनच आले होते. धोतर, उपरणं, कपाळावर गंध, हातात तिकीट. शाळेत मैत्रिणींना मी वडिलांचा ‘बिझनेस’ आहे असं सांगायचे. इथेही कुणाला काही बोलले नव्हते.

मी त्यांच्याकडे न बघता सांगत राहिले. मेल्यानंतरही राखण व्हावी म्हणून सम्राटाने हे हजारो सैनिक घडवून पुरले. प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

“मॅडम,” आप्पांनी हात वर केला. “आणि राजा कुठाय?”

मॅडम. मला क्षणभर कळेना, कुणाला म्हणताहेत.

“त्याचं थडगं अजून उघडलेलं नाही.”

“आणि मातीच्या आधी? माणसंच पुरत असतील ना?”

“हो. जुन्या राजांबरोबर पुरत.”

“मग त्यांच्या नावाने तिकडे कुणी पाणी सोडतं का, काही माहितीये तुम्हाला?”

मागून एक मुलगा ओरडला, “गुरुजी, चायनाला ब्रँच काढा! मोठं मार्केट आहे!” सगळे हसले. आप्पाही हसले. “व्हिसा तू काढून दे,” म्हणाले.

माझ्याबरोबरची गाईड कानाशी कुजबुजली, “कसले क्यूट आहेत ना हे काका! ओळखतेस?”

आप्पांनी ते ऐकलं असावं. ते लगेच पुढच्या सैनिकाकडे वळले आणि त्याच्या मातीच्या बुटांकडे वाकून बघू लागले. मी माईकची वायर गुंडाळत राहिले. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं.

जाताना ते माझ्यासमोर थांबले. “छान सांगितलंत, मॅडम. येतो.” चप्पल घालून गेले.

शाळेत सोडताना ते स्कूटर नेहमी एक कोपरा अलीकडेच थांबवायचे. फाटकापाशी गर्दी असते म्हणून, असं मी समजत होते. त्या दुपारी हॉलच्या काचेतून पाहिलं, तर तीच स्कूटर रस्त्यापलीकडे, पार लांब लावलेली होती.

रात्री जेवताना आईने विचारलं, “कसं होतं हो प्रदर्शन?”

“उत्तम. तिथल्या मॅडम फार छान समजावून सांगतात. फक्त जरा मोठ्याने बोलायला हवं.”

“कोण मॅडम?”

आप्पा आमटी ओरपत होते. मी ताटातून मान वर केली नाही. आई उत्तरासाठी थांबली होती, आणि हे उत्तर मी द्यायला हवं होतं, दुपारीच, सगळ्यांसमोर.

“अगं, आपलीच,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.