रत्नाबाईंचा गैरफायदा

हेमलताने रत्नाबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फुलवालीशी कन्नडमध्ये, शेजारच्या शिंप्याशी दखनी उर्दूत आणि मांजराशी मराठीत भांडत होत्या. पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आलेल्या हेमलताला त्या मराठीनेच धीर आला. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली तिने लगेच पसंत केली.

ते १९९३ साल. टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. रत्नाबाईंकडे फोन होता, म्हणून हेमलताची आई दर रविवारी नऊला तिथे फोन करी. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. हेमलताचा सगळा जीव त्या फोनात.

एका रविवारी देवनहळ्ळीचे पाहुणे आले होते. रत्नाबाईंनी कौतुकाने ओळख करून दिली, “ही वरची हेमलता. आमच्या फोनचा भरपूर गैरफायदा घेते.”

पाहुण्यांनीही कौतुकानेच माना हलवल्या. हेमलताने फोनवरचं बोलणं आवरतं घेतलं आणि खाली मान घालून वर गेली. तिचा नवरा उमाकांत म्हणाला, असा टोमणा पुण्यातही ऐकला नव्हता.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. रविवारी नऊला खाली घंटी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. हेमलता हट्टाने पोळ्या लाटत राहिली. चौथी पोळी करपली. एवढ्यात दारात धापा टाकत रत्नाबाई. गुडघ्यांमुळे त्या तीन वर्षांत जिना चढल्या नव्हत्या.

“आई फोन धरून बसलीय. बाबांना दिसतंय म्हणे. चल की गं.”

फोन झाल्यावर हेमलताने विचारलंच, की मग पाहुण्यांसमोर तसं का बोललात. रत्नाबाईंना प्रश्नच कळेना. घरच्यांनी घेतला तर फायदा आणि गैर, म्हणजे परक्या माणसांनी घेतला तर गैरफायदा; सगळा मोहल्ला परक्याला गैर म्हणतो, यात चुकलं काय? त्यांना तर परका माणूस आपल्या उपयोगी पडला नाही तरी आपण त्याच्या उपयोगी पडावं, याचा अभिमान होता.

हेमलताने खरा अर्थ सांगितला. रत्नाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

“अय्यो. दिवाळीला जावयाला म्हटलं होतं, आमच्या घराचा हवा तेवढा गैरफायदा घ्या. तो दुसऱ्याच दिवशी गेला.”

दोघी हसून हसून लाल झाल्या. मग रत्नाबाईंनी डोळे पुसले. “सरी, ठीक आहे. तू आता गैर नाहीस. नुसता फायदा घे.”

हेमलताने त्या दिवसापासून त्यांना अक्का म्हणायला सुरुवात केली. जावयाला फोन करून समजवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

रत्नाबाई आता के. आर. पुरमला लेक-जावयाकडेच राहतात.