मुडद्यांना चालायला शिकवणारी मावशी

माझी मावशी हाडांच्या इस्पितळात प्लास्टर रूममध्ये काम करते. एकतीस वर्षं झाली. लोकांचे हातपाय प्लास्टरमध्ये घालायचे, काही आठवड्यांनी ते गोल करवतीने कापून काढायचं आणि मग समोरच्याला पुन्हा पहिलं पाऊल टाकायला लावायचं, हे तिचं काम. रविवारी मात्र ती मुडदे बघते.

मुडदे म्हणजे झॉम्बी. तेही मोठ्या कंपन्यांचे, हेलिकॉप्टरं उडवणारे नव्हेत. ते बघून मावशी नाक मुरडते. तिला लागतात चार मित्रांनी पदरमोड करून, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, कुणाच्या तरी आत्याच्या घरात काढलेले सिनेमे. बाजारामागे ऐंशी खुर्च्यांचं एक थिएटर आहे, त्याचे मालक दर रविवारी दुपारी असे सिनेमे लावतात. मावशीची खुर्ची ठरलेली आणि शेजारची माझी. मला खोटंसुद्धा रक्त बघवत नाही. पण मी मावशीच्या समोरच्याच खोल्यांमध्ये राहते, आणि काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, पहिल्याच सिनेमानंतर कानाला खडा लावला. मग बळीचा बकरा उरले मी.

मावशी सिनेमा नुसता बघत नाही, तपासते. मांडीवर एक्स-रेचं रिकामं पाकीट असतं आणि हातात पेन्सिल. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ‘पक्कं’, मागच्या बाजूला ‘कच्चं’. नियम एकच: पक्क्याच्या तीन ओळी लिहिल्याशिवाय पाकीट उलटायचं नाही. सिनेमा कितीही भिकार असला तरी नाही. मी एकदा कुरकुर केली, तेव्हा तिने मला समजावलं की प्लास्टर निघालं की माणूस पहिलं पाऊल वेडंवाकडंच टाकतो. त्या वेळी तुम्ही चूक काढलीत तर दुसरं पाऊल पडत नाही. सिनेमा काढणाऱ्यांचंही तेच, असं तिचं म्हणणं.

सिनेमा संपला की मालक दिवे लावतात, पाकीट मागून घेतात आणि पडद्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचतात. ही पद्धत कुणी सुरू केली ते आता कुणालाच आठवत नाही, पण लोक त्यासाठी थांबतात. सिनेमा काढणारेही मागच्या रांगेत जीव मुठीत धरून बसलेले असतात.

कच्च्या बाजूला काय काय येतं ते मला आता तोंडपाठ झालंय. रक्त जॅमसारखं दिसतं. तेच पाच मुडदे शर्ट बदलून पुन्हा पुन्हा येतात. रोग कुठून आला हे एक शास्त्रज्ञ दहा मिनिटं सांगतो आणि ते कुणालाच नको असतं. एकदा तर एका मुडद्याने घड्याळात वेळ पाहिली होती. पण पक्क्या बाजूला ती जे लिहिते ते ऐकून मला तिचं कौतुक वाटतं, हे कबूल करते. तिचं आवडतं वाक्य असं: मोठ्या सिनेमात नायक मरणार नाही हे तिकीट काढतानाच कळतं, इथे सगळेच अनोळखी, त्यामुळे कुणाचाच भरवसा नाही. दुसरं असं की स्फोट परवडत नाहीत म्हणून ही पोरं दोन बहिणींना एका न्हाणीघरात कोंडतात आणि बोलायला लावतात, आणि कधी कधी त्या बहिणी असं काही बोलून जातात की मुडद्यांची आठवणही राहत नाही. अंधाराबद्दलही तिला आदर आहे. नसलेली गोष्ट अंधारात ठेवून नुसत्या आवाजाने घाबरवायला अक्कल लागते, असं ती म्हणते.

आता काकांबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरी त्यांची आहे. काका पोस्टमन होते. तेहतीस वर्षं पायी टपाल वाटलं. शेवटच्या वर्षी एका घराच्या ओल्या पायरीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय दीड इंच आखूड झाला. मावशीने जाड तळाचा बूट करून घेतला, व्यायाम करून घेतले. घरात काका चालत. दाराबाहेर मात्र पाऊल टाकेनात. ज्या गल्ल्यांतून एवढी वर्षं ताठ चाललो तिथे लंगडत जाणार नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि विषय मिटवला. भेटायला येणाऱ्याला दारातूनच "पाय बरा आहे" म्हणायचे आणि चहाही न विचारता वाटेला लावायचे. आठ महिने झाले. अर्ध्या गावाला चालायला शिकवणारी बाई आपल्या नवऱ्याला एक जिना उतरवू शकत नव्हती. ती हे कुणाला बोलली नाही, पण मला दिसत होतं. ती झुरत होती.

त्याच सुमारास एका चष्मेवाल्या मुलीचा सिनेमा लागला. दिवसा चपलांच्या दुकानात काम करणारी, अंगाने काडी, पण डोळ्यांत आग. मावशीने पक्कं लिहिलं: आई मुडदा झाल्यावरही मुलगी तिचे केस विंचरते, तो प्रसंग. मग पाकीट उलटलं. ‘मुडदे दारातून येताना डाव्या पायाने लंगडतात, खोलीत आल्यावर उजव्या. मेल्यावर हाड जागा बदलत नाही.’ हॉल हसला. चष्मेवाली हसली नाही. दुसऱ्या रविवारी ती मावशीला गाठून म्हणाली की नवा सिनेमा काढतेय, मुडद्यांना तुम्हीच चालायला शिकवा.

मावशी हो म्हणाली, इतक्या पटकन की मी बघतच राहिले. तालमीला जागा म्हणून तिने आमच्याच इमारतीचं मागचं अंगण दिलं. काकांची खुर्ची नेमकी त्या अंगणावरच्या गॅलरीत असते. हे तिने मुद्दाम केलं का, असं मी तिला नंतर विचारलं, तर म्हणाली की दुसरं अंगण कुठे होतं. मला अजून संशय आहे.

चौदा मुडदे जमले. दुकानातल्या मैत्रिणी, कुणाचे भाऊ, एक दाढीवाले ग्रंथपाल. मावशीने प्रत्येकाच्या एका गुडघ्याला मागून प्लास्टरची पट्टी बांधली, म्हणजे पाय बदलायची सोयच राहिली नाही. मग एकेकाला चालायला लावलं. वजन कुठे पडतं, टाच कशी टेकते, कंबर कुठून हलते, सगळं डोळ्यांत तेल घालून शिकवलं. चार संध्याकाळी हेच चाललं. सगळे लंगडत होते, कुणी पाय बदलत नव्हतं. तरी काहीतरी चुकत होतं. चष्मेवाली मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघायची आणि ओठ चावायची. भीतीच वाटत नव्हती. इस्पितळातल्या व्हरांड्यात सकाळी फेऱ्या मारणारी भली माणसं वाटत होती. मावशीलाही ते कळत होतं, कारण सापडत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात टेकलेले मी पाहिले.

पाचव्या संध्याकाळी वरून काकांचा आवाज आला.

"हे सगळे लंगडणं लपवतायत."

मावशीने वर पाहिलं.

"तू शिकवलंस ते चारचौघांत बरं दिसावं म्हणून चालणाऱ्याचं आहे," काका म्हणाले. "मेलेल्याला कुणाची लाज?"

बोलणं कठोर होतं. पण खरं होतं. एकतीस वर्षं मावशीने लोकांना एकच गोष्ट शिकवली होती: लंगडणं कमीत कमी कसं दिसेल. हात आपोआप तेच शिकवत होते. तिच्या चौदा मुडद्यांना लोक काय म्हणतील याची काळजी होती.

चष्मेवालीने वर बघून विचारलं, मग कसं चालायचं ते सांगता का. काका सांगायला लागले. खांदा आधी पडू द्या, मग पाय येऊ द्या, पाय उचलू नका, मागून ओढा. गॅलरीतून हातवारे करून ते समजेना. दाढीवाले ग्रंथपाल भलतंच काहीतरी करायला लागले. काकांना चुकीचं काम बघवत नाही, चुकीच्या घरात पडलेलं पाकीट बघवत नसे तसंच. ते वैतागून उठले. जिन्यावर पावलं वाजली, एक जड, एक हलकं. खाली आले तेव्हा पायात घरातल्या सपाता होत्या, जाड तळाचा बूट वरच राहिला होता.

ते अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. काहीही न लपवता. खांदा पडत होता, कंबर खाली जात होती, पाय मागून ओढला जात होता. बघताना अंगावर काटा आला. मावशी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा मला आजवर कधीच दिसला नव्हता असा होता. चष्मेवाली काय ते समजली. शांतपणे म्हणाली, "काका, पंधरावा मुडदा तुम्ही."

चित्रीकरण शेजारच्या वस्तीत, पाठोपाठ तीन रविवारी पहाटे झालं. काकांना गाडीतून न्यायचे आणि गाडीतून आणायचे. तोंडाला पिठाची पेस्ट आणि काळा रंग लावल्यावर ते ओळखूच येत नव्हते, आणि त्याचाच त्यांना आनंद होता. घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून ते रंग उशिरा धुवायचे. घरातलं बोलणं वाढलं. मावशी स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. पण सिनेमाचं काम संपलं तसे काका परत गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. गाडीतून जाणारा मुडदा झालो म्हणजे काही चालायला लागलो नाही, असं मला एकदा म्हणाले.

सिनेमा लागला त्या दुपारी आम्ही टॅक्सीने गेलो. मावशीने नेहमीसारखं पाकीट काढलं. ओळखीच्यांची भीड ती ठेवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मीच काकांपेक्षा जास्त घाबरले होते.

सिनेमा छान होता, हे मी सांगते, जिने अर्धा बोटांच्या फटीतून पाहिला. शेवटी पंधरा मुडदे एका रिकाम्या रस्त्यावरून येतात. कुणी काही बोलत नाही, फक्त पाय ओढल्याचा आवाज.

मालकांनी पाकीट वाचलं. पक्कं सात ओळी, आजवरचा उच्चांक. मग उलटलं. ‘कच्चं: मेकअप कानाच्या मागे पोचलेला नाही. शेवटच्या प्रसंगात डावीकडून तिसरा मुडदा प्रत्येक घराच्या टपालपेटीकडे मान वळवून बघतो. मुडद्याला कुणाचं घर ओळखीचं नसतं.’

लोक हसले, टाळ्याही पडल्या. काका हसले नाहीत. पाकीट मावशीकडे परत आलं तशी त्यांनी भांडायला सुरुवात केली. तेहतीस वर्षं वळलेली मान मेल्यावर कशी थांबेल, हे कच्चं नाही, पक्कं आहे. मावशी म्हणाली, मुडद्याला सवयी नसतात. काका म्हणाले, मुडद्याला सवयीच तेवढ्या उरतात. थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत दोघं हट्टाला पेटली होती. टॅक्सी समोर उभी होती.

"चल, दाखवतो," काका म्हणाले आणि उजवीकडे वळले.

उजवीकडे त्यांची गल्ली होती. टपाल वाटायची. रविवारची दुपार, निम्मी दारं उघडी, लोक ओट्यावर आणि खिडक्यांत. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. काका पुढे चालत होते, खांदा पडत होता, आणि खरंच, प्रत्येक पेटीपाशी मान वळत होती. "बघ, ही बघ," असं ते मागे न बघता म्हणत होते.

बेकरीच्या दारात बेकरीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी काकांना ओळखलं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "किती महिन्यांनी. पाय कसा आहे?"

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

"आखूड झालाय," काका म्हणाले. "दीड इंच. आता तसाच राहणार."

"हो, दिसतंय चालताना," बाई म्हणाल्या.

"दिसणारच," काका म्हणाले, आणि तुमच्या पेटीचं झाकण अजून वाजतं का, असं विचारून पुढच्या घराकडे निघाले.

मावशीने पिशवीतून पाकीट काढलं, उलटं केलं आणि पेन्सिलीसकट माझ्या हातात दिलं. "कच्च्यातली शेवटची ओळ खोड आणि पुढच्या बाजूला लिही," ती म्हणाली. "तूच लिही. मला आत्ता काही दिसत नाहीये."