कोणता पाय दुखतोय?

आमच्या हडपसरच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये लोक लंगडत येतात आणि धडधाकट होऊन जातात. मधल्या काळात डोकं माझं फिरतं! किस्से इतके साठलेत की कुठला कोणाचा, यातही आता गोंधळ होतो.

*

लोणी काळभोरच्या आबांचा घोटा मुरगळला होता. म्हटलं, "पायाच्या अंगठ्याने हवेत एबीसीडी काढा."

"ती न्हाई येत. बाराखडी चालंल का?"

चालेल म्हटलं. पंधरा दिवसांनी आबा घामाघूम. "अजून 'घ'वरच हाय ओ!"

*

एका आयटीवाल्याला पायाच्या बोटांनी गोट्या उचलायला सांगितल्या. दहा दिवसांत बायकोचा फोन. "मॅडम, बंद करा ते. आता हा रिमोटसुद्धा पायाने देतो. सासूबाईंना!"

*

एका काकूंची टाच महिनाभर जैसे थे.

"व्यायाम रोज होतो ना?"

"न चुकता! सुनेची टाच किती छान मोकळी झालीये."

"सुनेची?"

"अहो, मला वेळ कुठे असतो? तुमचा व्यायामाचा कागद तिच्याकडे दिला."

*

खडकीच्या शमीमचाची पायाने चालवायच्या मशीनवर कपडे शिवतात. भाचीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं आणि चाचींचा घोटा मुरगळला. "तिचे कपडे दुसऱ्या कोणी शिवायचे?" म्हणत त्या पहिल्या दिवशी रडल्याच. मलाही भरून आलं.

माझ्याकडे येईपर्यंत सूज उतरली होती. चाची समोर बसलेल्या. त्यांनी दाखवलेला पाय माझ्या उजव्या हाताला होता, म्हणून मी फाइलवर 'उजवा' लिहिलं आणि कामाला लागले. दर गुरुवारी विचारायची, "दुखतं का?"

"बिलकुल नाही." मी खूश!

पाचव्या गुरुवारी चाची म्हणाल्या, "डावा एकदम बरा झाला, बेटा. काल मशीन चालवली."

मी फाइल पाहिली. 'उजवा'! "चाची, मुरगळला कुठला होता?"

"डावा."

"आणि व्यायाम आपण..."

"उजव्याला."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. मला वाटलं, दुखऱ्याला आराम द्यायचा आणि मेहनत दुसऱ्याकडून करून घ्यायची."

मी दोन्ही पाय तीन-तीनदा तपासले. डावा ठणठणीत! कॉलेजात नक्की काय शिकले, तेच मला कळेना.

लग्न पार पडल्यावर चाची मिठाई घेऊन आल्या. बरोबर त्यांची बहीण, लंगडत.

"हिचा उजवा मुरगळलाय," चाची म्हणाल्या. "डाव्याला चांगला व्यायाम दे."