मामाजींचं अळणी वरण

फोन आला तेव्हा मी हथखोजच्या कारखान्यात बोल्टची पेटी मोजत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. पलीकडून दिलीप, माझा नवरा, म्हणाला, "बाबा गेले." आणि मी, सव्वीस वर्षं त्यांच्या घरात स्वयंपाक केलेली त्यांची सून, पहिला प्रश्न विचारला तो हा, "सकाळी काय खाल्लं होतं?" दिलीप म्हणाला, "तूच पाठवलेली खिचडी. दोन चमचे." पुढे नागपूरहून आलेल्या नातेवाइकांमध्ये हा प्रश्न बराच फिरला. सासरा गेला आणि सून जेवणाची चौकशी करते, असं काय? तेराव्याला माझ्या चुलत नणंदेनं तोंडावरच विचारलं, "कावून गं, तुले रडू नाही आलं?" आलं असतं तर दिसलंच असतं. पण तो प्रश्न मी का विचारला हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि सहा आठवडे उलटून गेल्यावर ते नीट लिहून काढावं असं वाटलं.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. आमचे मामाजी प्लांटच्या लॅबमध्ये होते. वितळलेल्या पोलादाचा नमुना यायचा, त्यात काय किती आहे ते हे लोक सांगायचे, आणि ते सांगितल्याशिवाय माल पुढे जायचा नाही. तेहतीस वर्षं असं काम केलेला माणूस घरी येऊन दुधावर विश्वास कसा ठेवेल? दूध ते बोटाच्या नखावर टाकून बघत. पावर हाउस नावाच्या बाजारात भेंडीचं टोक मोडल्याशिवाय घेत नसत, आणि भाजीवाली ओरडली तर तिलाच विचारत, "मोडली नाही तर समजंल कसं बाई?" मी काही वेगळी नाही. माझं काम स्टोअरचं. रजिस्टरात शंभर लिहिलेत म्हणजे पेटीत शंभर आहेत असं मी कधीच धरून चालत नाही. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे घरात ही दोन संशयी माणसं आणि मध्ये दिलीप, जो कोणावरही विश्वास ठेवतो आणि कुठलीही भेंडी उचलून आणतो.

जेवणाच्या बाबतीत मात्र मामाजींचं आणि माझं कधी वाजलं नाही. वरण, भात, पोळी, एक भाजी, ताक. बस्स. लग्नाकार्यातलं पनीर समोर आलं की ते वाटी हलवून म्हणत, "हे काय, लाल पाण्यात रबर?" रोजच्या साध्या जेवणाला लोक कमी लेखतात, पण साधं जेवण करणं अवघड असतं, कारण त्यात काही लपत नाही. वरण बिघडलं तर ते बिघडलेलं वरणच असतं, त्यावर लाल तर्री ओतून त्याचं भलतंच काही करता येत नाही. हे मी मामाजींकडून शिकले. त्यांनी शिकवलं नव्हतं. ते जेवताना बघत असत, आणि बघता बघता मी शिकले.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय, आजपासून मीठ बंद. पापड बंद, लोणचं बंद, पाकिटातलं सगळं बंद. घरी आल्यावर मी ठरवून टाकलं की दोन भांडी करायची नाहीत. सगळ्यांनीच अळणी खायचं. याचं पुढे नातेवाइकांत फार कौतुक झालं, पण त्यात त्याग वगैरे काही नव्हतं. मीठ घातलेलं दुसरं भांडं घरात असलं तर मामाजी त्यात चमचा बुडवतील, असा मला संशय होता. लिंबू, जिरं, आलं, भरपूर कोथिंबीर, कधी आमचूर... जिभेला फसवायचे सगळे उपाय केले. दिलीप पंधरा दिवस कुरकुरला, मग त्याला सवय झाली. मामाजींनी रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. वजन उतरलं. मग थांबलं. आणि मग हळूहळू चढायला लागलं.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी मीठ जातंय. घरी बघा."

घरी बघा, असं मला सांगणं म्हणजे स्टोअर तपासायला सांगणं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या मिठाच्या बरणीवर मी पेनानं रेघ मारली. रेघ हलली नाही. त्यांच्या बुशशर्टाचे खिसे पाहिले, उशीखाली पाहिलं, कपाटात जुन्या पासबुकांमागे पाहिलं. मिळालं काय, तर दात कोरायच्या काड्या. त्यांच्या लक्षात आलंच. "झडती झाली का सूनबाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झाली." "मग? काही सापडलं?" "अजून नाही." ते म्हणाले, "वंदना, मी मीठ नाही खाल्लं." मी म्हणाले, "मग वजन काय हवेनं वाढून राहिलं, मामाजी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेगळंच काढलं, "तू भांडी नीट धूत जा. वरणाले साबणाची चव येऊन राहिली." मला राग आला. चोर सापडत आला की विषय बदलतो, हे मी स्टोअरमध्ये पुष्कळदा पाहिलं आहे.

उरला एकच रस्ता. आमच्या कोहक्याच्या घराशेजारी देवांगन काकी राहतात, छत्तीसगढी बाई, एकट्याच. दुपारी मी कामावर असताना मामाजी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. काकी दुपारी बासी खातात, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला, आणि त्यावर मीठ, कांदा, हिरवी मिरची. मला दुसरा पुरावा लागला नाही. एका रविवारी मी सरळ त्यांच्या दारात गेले आणि विचारलं. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "मैं तोर ससुर ला चहा छोड़ के कुछु नइ देवंव, बहू," त्या म्हणाल्या. फक्त चहा, बाकी काही नाही. मी म्हटलं, "काकी, चहा भी अब मत देना." मग घरी येऊन मामाजींना सांगितलं की दुपारी बाहेर जायचं नाही. ज्या माणसानं ठरवलेला आकडा सगळा प्लांट मानत असे, त्याला मी शेजारच्या ओट्यावर जायला बंदी केली, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. मी त्यांचा जीव वाचवत होते ना!

पंधरा दिवस ते घरातून हलले नाहीत. कॅलेंडरवर मात्र आकडे चढतच होते. सोळाव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर दारात खुर्ची आणि खुर्चीत मामाजी. आमच्या घरात सासरा कधी चुलीपर्यंत आलेला नव्हता. मी विचारलं, "काय पाहिजे?"

"नमुना," ते म्हणाले. मग एकेक बोट मुडपत हिशेब मांडला. "मी बाहेर जात नाही. मले कोणी काही आणून देत नाही. मिठाची रेघ तुझी तू पाहून राहिली. मग जे काही येऊन राहिलं ते तुझ्या भांड्यातून येऊन राहिलं. आजपासून जे टाकशील ते आधी बोलायचं, मग टाकायचं. भट्टीत आमच्याकडे असंच होतं."

"माझ्यावर संशय?"

"मंग? संशयाचा ठेका तूच घेतला का?"

मी चिडून का होईना, बोलायला लागले. हळद, पाव चमचा. जिरं. तेल, एक चमचा. प्रत्येक वेळी ते विचारायचे, "किती?" पहिले दोन दिवस काहीच निघालं नाही. तिसऱ्या दिवशी मी कुकर लावत होते, आणि ते म्हणाले, "थांब. ते काय टाकलं?"

"कुठं काय?"

"पांढरं. डाळीत. बोलली नाहीस."

"ते होय! सोडा आहे. खायचा सोडा." मी म्हटलं, आणि मला खरंच हसू आलं. "तो काय टाकायचा पदार्थ आहे मामाजी? तो पाण्यासाठी आहे."

आणि तसंच होतं. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमधून आम्ही कोहक्याला आलो तेव्हापासून बोअरचं पाणी. त्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा टचटचीत. गल्लीतल्या सगळ्याच बाया चिमूटभर सोडा घालतात. मामाजींना कवळी लागल्यावर वरण आणखी मऊ हवं म्हणून माझी चिमूट वाढली, आणि आजारपणात तर, त्यांना सोसावं म्हणून, अर्ध्या चमच्यावर गेली. दोन्ही वेळा. पालकाचा रंग राहावा म्हणून पालकातही. मीठ म्हणून जे जे घरातून काढलं त्यात सोडा नव्हता, कारण सोडा मला कधी दिसलाच नाही. तो पाण्यासारखा, गॅससारखा होता.

त्यांनी पाकीट मागितलं. चष्मा काढून, डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचली. मग डॉक्टरांचा कागद मागितला. तो वाचला. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींत असलेला एकच शब्द म्हणाले, "सोडियम."

कुकरची शिट्टी झाली.

"आमच्या भट्टीतही असंच होत होतं," ते म्हणाले. "मालात गंधक निघालं की सगळे भंगारावर संशय घ्यायचे. आणि ते यायचं चुन्यातून. जो चुना माल साफ करायले टाकत होते, त्यातून..." मग ते हसले. खूप वेळ हसले, इतके की धाप लागली आणि मला पाणी द्यावं लागलं.

पुढचे आठ दिवस त्यांनी कोणालाही सोडलं नाही. नागपूरला फोन, जुन्या सोबत्यांना फोन. "आमच्या स्टोअर इन्चार्जनं मले महिनाभर चोर ठरवलं, आणि माल खुद्द स्टोअरमधून जाऊन राहिला होता!" डॉक्टरांनाही माझ्याआधी त्यांनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सोडा बंद करा, पण एवढ्यानंच झालं असं काही म्हणता येणार नाही. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की ते माझ्या तोंडाकडे बघून तसं म्हणाले. कारण डाळ रात्री भिजत घालून फिल्टरच्या पाण्यात शिजवायला लागल्यावर सूज दहा दिवसांत उतरली. साबणाची चवही गेली. ती सोड्याचीच होती. भांडी मी नीटच धूत होते, पण हे सांगायला मला तोंड राहिलं नव्हतं.

मी माफी मागितली नाही. कशी मागतात ते मला माहीत नाही, आणि मामाजींनीही मला तशी संधी दिली नाही. एकदा मी "मामाजी, ते..." असं सुरू केलं तर म्हणाले, "मले नको सांगू. काकीले सांग. तिचा चहा बंद केला होता तू." मग मी गेले. देवांगन काकींनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या, "तैं अब्बड़ सक करथस ओ," फार संशय घेतेस गं तू, आणि चहा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मामाजी पुन्हा ओट्यावर.

पण दारातली खुर्ची काही त्यांनी हलवली नाही. पुढची साडेचार वर्षं, रोज सकाळी, मी बोलून टाकत असे आणि ते "किती?" विचारत. हळद, जिरं, हिंग, तेल. यादी संपली की ते माझ्याकडे बघत बसायचे, आणि मी म्हणायची, "सोडा नाही." मग ते पेपर उघडायचे. दिलीपला हा आमचा खेळ वाटायचा. मला तो कधीच खेळ वाटला नाही. मला वाटायचं, यांचा अजून विश्वास नाही.

शेवटचे चार दिवस ते दवाखान्यात होते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले. पातळ वरण, मऊ भात, दुधी. मी डबा उघडला आणि सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून थांबवलं, आणि काहीही न विचारता चार घास खाल्ले. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. विश्वास बसला म्हणून विचारलं नाही, की विचारायला दम उरला नव्हता म्हणून... मी त्या हाताचा अर्थ सहा आठवडे लावते आहे. दिलीप म्हणतो, विश्वासच होता. दिलीपचं काय, तो कुठलीही भेंडी उचलतो.

आता घरात मीठ परत आलं आहे. चिमूटभरच, त्याहून जास्त आमच्या जिभांना सोसत नाही. मागच्या आठवड्यात मी वरणाला फोडणी देत होते, तर बाहेरून दिलीपनं विचारलं, "कोणाशी बोलून राहिली?" "कोणाशी नाही," मी म्हटलं. मग हळद, पाव चमचा. जिरं. हिंग. तेल, एक चमचा. मीठ, चिमूट.

सोडा नाही.